आधी दुसऱ्याचं, मग आपलं

ब्रेकबाईंचं खरं नाव त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, पण ती पाटी आजवर कुणी वाचलेली दिसत नाही. ज्याला गाडी शिकायची असते तो सरळ विचारतो, "ब्रेकबाई कुठे बसतात?" आणि कुणीही हात करून दाखवतं. शिकाऊ गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. बाईंचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर असा काही पडतो, की पट्टा नसता तर नवशिक्याचं कपाळ काचेलाच टेकलं असतं. मग बाई शांतपणे विचारतात, "काय, झोप झाली का?"

जीभही त्या ब्रेकसारखीच. समोरच्याने वाक्य सुरू केलं, की ते पूर्ण व्हायच्या आत बाईंनी त्याला थांबवलंच म्हणून समजा. एकदा बँकेतले एक साहेब गाडी कडेच्या गटारात घालून वर रस्त्यालाच नावं ठेवायला लागले. "त्याचं काय आहे बाई, हा रस्ता मुळातच जरा..."

"नाचता येईना, अंगण वाकडं. उतरा आणि ढकला."

साहेब उतरले, शर्टाच्या बाह्या वर करून ढकलायला लागले, आणि आज तेच साहेब चारचौघांत सांगतात की आपण ब्रेकबाईंच्या हाताखाली तयार झालोय. शहरातले निम्मे टॅक्सीवाले असंच सांगतात. बाईंनी स्कूल काढलं तेव्हा 'बाईमाणूस काय गाडी शिकवणार' म्हणून हसणारे कमी नव्हते. पुढे त्यांनीच आपल्या लेकी-सुना बाईंकडे पाठवल्या. बाईंनी सगळ्यांना शिकवलं, पण टोमणा मारल्याशिवाय एकालाही सोडलं नाही.

अशा या बाईंना गप्प करू शकेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान. दुकानातले स्क्रूसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभे असतात, म्हणून बाई त्याला लहानपणापासून शिस्तोबा म्हणतात. आवाज न चढवता, चष्मा पुसत पुसत तो एवढंच म्हणतो, "ताई, माझं वाक्य व्हायचंय." आणि बाई, नवल म्हणजे, थांबतात. सोमवार ते शनिवार तो चष्मेवाला आणि रविवारी पथकाचा प्रमुख.

हे पथक सरकारी नव्हे, शाळेचंही नव्हे, अगदी खासगी. नदीच्या बाजूला एक बंद पडलेलं गोदाम होतं, ते एका मास्तरांनी, ज्यांना सगळे थोरले मास्तर म्हणत, कधीकाळी मागून घेतलं आणि मुलांना तंबू ठोकायला, दोरीच्या गाठी मारायला, नकाशा वाचायला, जखम बांधायला शिकवायला सुरुवात केली. सुट्टीत मुलांना घेऊन ते डोंगरावर मुक्कामाला जात. मास्तर गेले, पण पथक राहिलं. वर पत्रा, पुढे लोखंडी फाटक आणि फाटकाबाहेर एक बुटका दगडी कठडा. आत प्रवेश फक्त मुलग्यांना. का, असं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं.

पथकाची एक रीत मात्र शहरभर माहीत होती. पोरं तंबूच्या जागेवरून भांडायची, तेव्हा थोरल्या मास्तरांनी दंडक घातला: आधी दुसऱ्याचं, मग आपलं. म्हणजे ज्याला खोडून काढायचं, त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, तेही त्याच्यापेक्षा बरं. मग त्याला विचारायचं, "बरोबर?" तो "बरोबर" म्हणाला तरच पुढे बोलायची मुभा. नाही म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून. यामुळे निम्मी भांडणं वाटेतच विझायची. शहरातले कित्येक नवरे आपापल्या घरी ही रीत वापरतात म्हणे. बायकांचं मत वेगळं आहे.

या शिस्तोबाची एकुलती एक मुलगी भिंगरी. हे नाव तिला आत्याने ठेवलं, कारण चालायला लागल्यापासून पोर एका जागी उभी दिसली तर शपथ. बापाच्या घरात चहा पितानाही पथकाच्याच गोष्टी. भिंगरीला सगळ्या गाठी येत होत्या, होकायंत्र बघता येत होतं, आणि दुकानामागच्या अंगणात एकटीने तंबू उभा करून ती त्यात बसून अभ्यास करायची. अकरा वर्षांची झाली तेव्हा बाकीची पोरं जसा अर्ज करतात तसा तिनेही पथकात जायचा अर्ज केला. प्रमुखांनी, म्हणजे खुद्द तिच्या बापाने, तो नामंजूर केला.

बाईंना कळलं तेव्हा त्या गाडीत होत्या. शिकाऊ उमेदवाराला भर चौकात उतरवून त्यांनी गाडी स्वतः दामटली ती थेट चष्म्याच्या दुकानासमोर.

"काय रे, पोटच्या पोरीला नाही म्हणालास?"

"ताई, नियम..."

"नियम गेला खड्ड्यात!"

"ताई, माझं वाक्य व्हायचंय." त्याने चष्मा काढला. "नियम मी केलेला नाही. पण तो बरोबर आहे असं मला वाटतं. मुलगी माझी आहे म्हणून मी तो वाकवला, तर उद्या कुठल्या तोंडाने दुसऱ्याला नाही म्हणू? तुला पटत नसेल तर विषय पथकाच्या सभेत आण. अर्ज नाकारला तर घरातलं मोठं माणूस सभेपुढे येऊ शकतं. बापाला येता येणार नाही, कारण बाप मी आहे. तू ये."

"येते की! घाबरते का काय?"

"पण पथकाच्या रीतीने बोलावं लागेल," शिस्तोबा म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. बाईंनी गाडीची किल्ली दोनदा या हातातून त्या हातात केली. गाडी चालवता येणं वेगळं आणि दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणं वेगळं. हे दुसरं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

मग सुरू झाली शिकवणी. ब्रेकबाई शिकणार आणि भिंगरी शिकवणार. शाळा सुटली की भिंगरी गाडीत येऊन बसायची आणि तोंड लांब करून बापाचा आवाज काढायची. "मुलांना त्यांची स्वतःची जागा हवी. बोल आत्या, माझं म्हणणं काय?"

"तुझं म्हणणं असं, की तू गाढव आहेस."

"आत्या!"

"बरं बरं. तुझं म्हणणं असं, की मुलांना त्यांची जागा हवी, आणि मुली काय रस्त्यावर पडल्यात..."

"ते माझं नाही, ते तुझं. 'बरोबर' नाही म्हणणार मी. पुन्हा."

बाई पुन्हा सुरुवात करायच्या आणि तिसऱ्या शब्दाला घसरायच्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत. एकदा तर चिडून म्हणाल्या, "त्याचं म्हणणं मी का मांडू? तो समर्थ आहे की!" भिंगरी मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाली, "कारण नुसतं ऐकलं की विसरायला होतं. आपल्या तोंडाने बोलावं लागलं की राहतं. थोरले मास्तर असं म्हणायचे, बाबा सांगतात." बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. ज्या पोरीला फाटकाच्या आत पाऊल टाकायला मिळत नव्हतं, ती आतल्या पोरांपेक्षा पथकाची जास्त होती. बाईंचा ऊर भरून आला, आणि भाच्या-भाचरांचं कौतुक तोंडावर करू नये हा स्वतःचाच नियम मोडून त्या म्हणाल्या, "शहाणी आहेस. पुन्हा घे."

सभा रविवारी दुपारी गोदामातच भरली. खोकी उलटी करून लोक बसले होते. जुने सभासद होते, मोठी मुलं होती, काहींचे आईवडील होते. प्रमुखांना आज बाजू मांडायची असल्यामुळे अध्यक्षपदी दातांचे डॉक्टर होते, पथकाचे जुने सभासद. मधोमध जमिनीवर जाड दोर आडवा टाकला होता. पथकात हात वर करून मत देत नाहीत. बोलणं संपलं की ज्यांना बदल हवा त्यांनी दोर ओलांडून खिडकीकडे जायचं. ज्याचा विषय त्याने सभेत बसायचं नाही, अशीही रीत होती. म्हणून भिंगरी फाटकाबाहेर कठड्यावर बसली होती. दार उघडं होतं. पाय हलवत बसलेली ती आतून दिसत होती.

पहिल्यांदा एक ठेकेदार उठले. पत्रा त्यांनी बदलून दिला होता, त्यामुळे आवाजही पत्र्याइतकाच मोठा. "हे पथक खासगी आहे," ते म्हणाले. "आपलं घर आहे. घरात कुणाला घ्यायचं ते आपण ठरवणार. आज ह्यांच्यासाठी दार उघडलं, उद्या कुणी अजून काही मागेल. दार आहे की धर्मशाळा?"

लोक हसले. बाई उठल्या. सवयीने जीभ सुटणारच होती, पण त्यांनी दाराबाहेर पाहिलं आणि ती आवरली. "ठेकेदारसाहेबांचं म्हणणं असं, की हे घर तुम्ही सगळ्यांनी घाम गाळून उभं केलंय, आणि ज्याने घाम गाळला त्याला दारावर उभं राहायचा हक्क असतो. बरोबर?"

ठेकेदार जरा गोंधळले. इतकं चांगलं त्यांनी म्हटलं नव्हतं. "बरोबर," ते म्हणाले.

"मला ते मान्य आहे. म्हणून तर मी हुकूम घेऊन आले नाही, विनंती घेऊन आले. घर तुमचंच. पण दारात कोण उभं आहे हे बघायला घरमालकाला कुणी बंदी करत नाही. उघडायचं की नाही ते बघून ठरवा, न बघता नको."

दातांच्या डॉक्टरांनी मान डोलावली. जे ब्रेकबाईंकडे गाडी शिकले होते ते एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी समोरच्याला वाक्य पूर्ण करू दिलं होतं!

मग प्रमुख उठले. ते आपल्या पद्धतीने, एकेक मुद्दा पुसून ठेवावा तसे बोलले. मुलं इथे मोकळी असतात. मुली आल्या की त्यांचं वागणं बदलेल. मुक्कामाला जायचं तर दुहेरी व्यवस्था लागेल. नियम जुना आहे आणि त्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही. सगळं ठीक होतं, पण कोरडं होतं. ते बसले तेव्हा खोकी करकरल्याचाच आवाज झाला.

आता बाईंची खरी परीक्षा होती. त्या पुन्हा उभ्या राहिल्या. खुर्ची नव्हती, टेकायला काही नव्हतं, पायाखाली ब्रेक नव्हता.

"प्रमुखांचं म्हणणं असं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग भावाकडे बघून बोलायला लागल्या. "मुलाला एक जागा हवी असते, जिथे त्याच्याकडे कुणी बघत नाही. घरात आईबाप बघतात, शाळेत मुली बघतात, रस्त्यावर सगळं जग बघतं. बघणारं कुणी असलं की मुलगा उगाच पुरुष व्हायला जातो. छाती काढतो, आवाज चढवतो. ज्याला ते जमत नाही तो कोपरा धरतो. असा एक मुलगा मला माहीत आहे. त्याची आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. वडील रडले नाहीत म्हणून तोही रडला नाही. समोर ताट ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. बोलणं बंद. मग त्याला इथे आणलं. तंबूची गाठ बसेना एवढं निमित्त झालं, आणि तो त्या तिथल्या खांबाशी बसून पोटभर रडला. आजूबाजूची पोरं तंबू ठोकत राहिली. कुणी हसलं नाही, कुणी समजूत काढली नाही. एकाने नुसती त्याच्या हातातली दोरी घेतली आणि गाठ मारून परत दिली. त्या दिवशी तो घरी जाताना बोलायला लागला."

बाईंनी खांबावरची नजर काढून सभेकडे वळवली.

"मुली असत्या तर तो रडला नसता. हे मला कबूल आहे. तसाच एखादा मुलगा आजही कुणाच्या तरी घरात गप्प बसलेला असेल. त्याची जागा त्याच्याकडून काढून घेऊ नका, एवढंच प्रमुखांचं म्हणणं आहे. बरोबर?"

शिस्तोबाने चष्मा काढला, पण पुसला नाही. "बरोबर," तो म्हणाला. शब्द जेमतेम ऐकू आला.

आणि इथे बाईंच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. सभा हलली होती, पण भावाच्या बाजूला. मागच्या खोक्यावर एक आई डोळे टिपत होती. ठेकेदार नाक शिंकरत होते. आता यावर आपलं काय मांडायचं? बाईंनी मांडलं खरं. भिंगरीला गाठी येतात, तंबू येतो. माझ्या गाडीत बसणाऱ्याला चालवता येतं का एवढंच मी बघते, बसलंय कोण ते बघत नाही. मुलगे आणि मुली पुढे एकाच रस्त्यावर गाड्या चालवणार आहेत, तर थोडं शिकणंही एकत्र होऊ दे. सगळं खरं होतं, पण आधीच्या गोष्टीपुढे फिकं पडलं, आणि ते त्यांना स्वतःलाही कळत होतं. त्या बसल्या. बाहेर कठड्यावर भिंगरीचे पाय हलायचे थांबले होते.

"प्रमुख, तुम्हाला उत्तर द्यायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

द्यायचंय म्हटलं तर आधी ताईचं म्हणणं मांडणं आलं. शिस्तोबा उठला. "ताईंचं म्हणणं असं," त्याने सुरुवात केली, "की ज्याला काम येतं त्याला..." आणि तो अडखळला. तो दाराबाहेर बघत होता. फाटकाच्या गजांमधून कठडा दिसत होता, आणि कठड्यावर अकरा वर्षांची एक मुलगी.

"नाही," तो म्हणाला. "पुन्हा सुरू करतो."

त्याने एक खोल श्वास घेतला. "ताईंनी एका मुलाची गोष्ट सांगितली. अर्धी सांगितली. त्या मुलाला इथे आणून कोणी सोडलं, ते सांगितलं नाही. तो एकटा यायला तयार नव्हता, म्हणून त्याची बहीण त्याला हाताला धरून आणायची. दर रविवारी. बहिणीला आत यायची परवानगी नव्हती. मग ती त्या कठड्यावर बसायची, पथक सुटेपर्यंत. ऊन असो, वारा असो. गजांतून बघून बघून तिने सगळ्या गाठी शिकून घेतल्या, आणि माझी गाठ घरी बसेना झाली की तीच मारून दाखवायची. माझी मुलगी गाठी माझ्याकडून शिकली असं मला वाटत होतं. मी त्या ताईकडून शिकलो."

दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले, "प्रमुख, हे बाईंनी म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलं. ती म्हणणारही नाही. पण तिचं म्हणणं हेच आहे." त्याचा आवाज फुटला आणि त्याने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. "नियमाने कुणाचं नुकसान झालं नाही, असं मी मघाशी बोललो. मला इथे रडायला जागा मिळाली. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. गेलेली आई तिचीही होती. तिला कुठे जागा होती?"

मग तो बहिणीकडे वळला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "बरोबर?"

ज्यांच्या तोंडून उत्तर यायला कधी क्षण लागला नव्हता, त्या ब्रेकबाईंना एक शब्द बोलता येईना. "बरोबर" आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा पथकाचा दंडक. सभा थांबून राहिली. कुणीही घाई केली नाही. ठेकेदारांनीसुद्धा नाही. बाईंनी पदराने नाही, चांगला बाहीने चेहरा पुसला. मागच्या खोक्यावरच्या आईने पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी ती घेतली, एक घोट घेतला, आणि म्हणाल्या, "बरोबर."

"आता माझं," शिस्तोबा म्हणाला. "माझं ताईने सांगितलंच आहे, त्याहून बरं मला येत नाही. ते मी सोडत नाही. त्या गप्प मुलाची जागा राहिली पाहिजे. म्हणून मुक्कामात रात्रीची बैठक मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. तंबू वेगळे. बाकी सगळं एकत्र आणि फाटक एकच. एवढं असेल तर माझा विरोध नाही."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. "चालेल," बाई म्हणाल्या. "मुलींनाही कुणी न बघता रडायला जागा लागते."

दोर ओलांडायची वेळ आली. सगळ्यात आधी मोठी मुलं उठली. त्यांना भिंगरी माहीत होती, तिने त्यांतल्या दोघांची गाठ सुधारून दिली होती. मग मागच्या खोक्यावरची आई. मग हळूहळू बाकीचे. ठेकेदार जागेवरच बसून राहिले. "मी माझ्या मतावर आहे," ते म्हणाले, "पण पत्रा गळायला लागला तर सांगा, मुलींच्या डोक्यावरही पाणी नको." त्यांच्यासोबत आणखी काही जण अलीकडे राहिले, आणि त्याचंही कुणाला वाईट वाटलं नाही. प्रमुख सगळ्यांत शेवटी उठले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि दोर ओलांडला. खिडकीकडे जास्त माणसं होती हे मोजायची गरज नव्हती.

नव्या सभासदाला फाटकातून आत घ्यायचा मान प्रमुखांचा. शिस्तोबा बाहेर गेला. बाप-लेकीचं काय बोलणं झालं ते आत ऐकू आलं नाही. भिंगरी मात्र कठड्यावरून उडी मारून अशी आत आली, की तिला थांबवायला बाईंचा ब्रेकही पुरला नसता. ती सरळ आत्याच्या गळ्यात पडली. बाई म्हणाल्या, "पुरे पुरे, गळा दाबतेस की काय," आणि स्वतःच सोडेनात.

पुढच्या रविवारी भिंगरीला सोडायला बाईच गेल्या. बाप आधीच पोचला होता, प्रमुखाला उशीर चालत नाही. फाटकाशी बाई थांबल्या आणि सवयीने कठड्याकडे वळल्या. इतक्या वर्षांनीही पायांना वाट आठवत होती.

"आत्या, तू जा ना आता," भिंगरी म्हणाली. "मला कुणाची सोबत लागते का?"

"मी कुठे बसतेय? बुटाची नाडी बघतेय," बाई म्हणाल्या, आणि नाडी बांधलेलीच होती. मग त्या गाडीकडे गेल्या. शिकवणाऱ्याच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला, आपल्या ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडी निघायची वाट बघत राहिल्या. गाडी काही निघेना. बाई समोर बघत होत्या. आत मुलांची रांग लागली होती, आणि तिच्या टोकाला, टोपी नीट करत, त्यांची भाची उभी होती. बाईंना एवढा अभिमान वाटत होता, की शेजारची सीट रिकामी आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"आत्या!" रांगेतून भिंगरी ओरडली. "स्टिअरिंग पलीकडे आहे!"

अख्खी रांग खो-खो हसली. प्रमुखांनी शिट्टी वाजवली. रांगेत बोलायचं नाही, हा नियम. बोलणाऱ्याने गोदामाला एक फेरी मारायची. जी शिक्षा सगळ्यांना, तीच भिंगरीला. ती पळत गेली, टोपी हातात धरून, आणि वळणावर बाईंना डोळा मारून गेली.

तो आठवडा बाईंनी एकाही उमेदवाराला धड शिकवलं नाही. गाडी चौकात थांबली, सिग्नल लाल झाला, की त्या शेजारच्याकडे वळायच्या आणि छाती काढून सांगायच्या, "आमच्या भिंगरीला शिक्षा झाली. पथकात." आणि समोरचा काही विचारू लागला, तर त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायच्या.